पहिलं रफू करताना

सुरुवात नव्या कपड्यापासून नको, घरातल्या विरलेल्या मोज्यापासून करा. तो बिघडला तरी जीव हळहळत नाही आणि हात मोकळा चालतो.

दोरा हातभरच घ्या. लांब घेतला की गुंता ठरलेलाच. तो कापडाच्या धाग्याएवढाच जाड हवा, कारण जाड, कडक दोरा आजूबाजूचं नाजूक कापड फाडतो. भोकाच्या काठावर टाके घालू नका, ते उसवतात. बोटभर अलीकडे, धड कापडात धावदोरा सुरू करा. आधी सगळे उभे धागे घाला. प्रत्येक वळणावर दोऱ्याचा बारीकसा फास सैल ठेवा, म्हणजे धुतल्यावर दोरा आटला तरी कापड चुरगळणार नाही. मग आडवे धागे, एकाच्या वरून, दुसऱ्याच्या खालून. इथे घाई अजिबात नको. सुईच्या टोकाने प्रत्येक ओळ आधीच्या ओळीला सारून बसवा. भोक होतं तिथे हळूहळू कापड विणलं जातं, आणि ते बघताना होणारा आनंद नवी वस्तू आणल्यावर होत नाही, हे मी मनापासून सांगते.

शेवटी गाठ मारू नका, टाचेला टोचते. दोन-तीन टाके मागे घेऊन दोरा कापा. मोजा जमला की कोपरावर विरलेला स्वेटर घ्या.