वाचकांचे प्रश्न : सोळा बाय सोळाच्या पाटावरची साथ

साथीच्या खेळाबद्दल आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. खेळ थोडक्यात असा : १६ × १६ एलईडींचे डब्ल्यूएस२८१२बी पॅनल (यात प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा ठरवता येतो), एक आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम चालवणारा छोटा बोर्ड), पाटावरची खूण सरकवायला दिशांची चार बटणे आणि पाचवे 'लागण' बटण. खेळाडू विषाणूच्या बाजूने खेळतो. विझलेले घर निरोगी, लाल घर आजारी, निळे बरे झालेले. आजार दर फेरीला शेजारच्या घरात जाऊ शकतो, आणि यंत्र लस टोचून घरे पिवळी करत त्याला अडवते.

प्रश्न : लागण उजवीकडे आणि खाली सुसाट पळते, डावीकडे आणि वर मात्र रेंगाळते. पॅनल खराब आहे का? (भुसावळ)

पॅनल चांगले आहे, चूक मोजणीच्या क्रमात आहे. तुमचा प्रोग्रॅम डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली एकेक घर तपासतो. तिसऱ्या घराने चौथ्याला लागण दिली की लगेच चौथ्याची पाळी येते, आणि आत्ताच आजारी पडलेले ते घर त्याच फेरीत पाचव्याला लागण देते. डाव्या घराची पाळी होऊन गेलेली असते, म्हणून तिकडे एका फेरीत एकच घर सरकते.

जुनी स्थिती एका तक्त्यातून वाचायची आणि नवी दुसऱ्यात लिहायची, हा नेहमीचा उपाय. पण नॅनोची रॅम २०४८ बाइट. त्यात एलईडींचे रंगच ७६८ बाइट खातात, आणि २५६ चे दोन तक्ते धरले की १२८० झाले. चालते, पण पुढे काही वाढवायला जागा उरत नाही. आम्ही एकच तक्ता सुचवू : ० म्हणजे निरोगी, १ पासून पुढे आजारपणाची कितवी फेरी ते, १०० बरे, २०० लस, आणि २५५ म्हणजे 'याच फेरीत लागलेले'. तपासताना २५५ च्या घराने कोणालाही लागण द्यायची नाही. सगळी घरे तपासून झाली की २५५ चे १ करायचे.

दोन चुका आणखी होतात. घरांना ० ते २५५ असे सलग क्रमांक दिले, तर १५ चा उजवा शेजारी १६ ठरतो, म्हणजे पाटाच्या दुसऱ्या टोकाचे घर. उजव्या कडेला उजवीकडे जायचे नाही, ही अट हवीच. शिवाय बहुतेक पॅनलांत तार नागमोडी फिरवलेली असते : सम ओळीत (पहिली ओळ ० धरून) क्रमांक ओळ × १६ + स्तंभ, विषम ओळीत ओळ × १६ + १५ − स्तंभ. हे सूत्र फक्त दिवा लावताना वापरा, खेळाचा तक्ता सरळच ठेवा. दोन्हींची सरमिसळ केली की चूक शोधता शोधता रात्र जाते.

प्रश्न : साथ एक तर दहा घरांत विझते, नाहीतर सगळा पाट लाल करते. मधले काही जमत नाही. (धुळे)

या खेळाचा जीव इथेच आहे. एका फेरीतल्या शक्यतेकडे पाहू नका, पूर्ण आजारपणात एका शेजाऱ्याला लागण होण्याची शक्यता काढा. आजार ५ फेऱ्या टिकतो आणि दर फेरीला शक्यता १०% आहे असे समजा. लागण न होण्याची शक्यता ०.९ पाच वेळा गुणून ०.५९, म्हणजे लागण होण्याची ४१%. चार शेजारी असलेल्या खूप मोठ्या पाटावर हा आकडा ५०% च्या खाली असेल तर साथ थांबते, वर गेला की लांबवर पसरू शकते; ५०% हा तिचा उंबरठा. १५% ठेवले तर ५६%, २०% ला ६७%. दोन-चार टक्क्यांनी खेळ पालटतो तो यामुळे. तिरपे शेजारीही धरले, तर उंबरठा साधारण २५% वर येतो. तुम्ही आठ शेजारी धरून चारांचे आकडे वापरले असतील, तर पाट लाल होणारच.

साथीला असा उंबरठा असतो हे गणित केरमॅक आणि मॅकेंड्रिक या स्कॉटिश संशोधकांनी १९२७ साली मांडले. पाटाऐवजी त्यांनी एकत्र मिसळणारी लोकसंख्या धरली होती, आणि पडताळ्याला आकडे घेतले होते मुंबईतल्या १९०५-०६ च्या प्लेगचे.

आमची शिफारस : शक्यता १२%, आजार ५ फेऱ्या, म्हणजे ४७%. उंबरठ्याच्या किंचित खाली. दर दहा नव्या लागणींमागे खेळाडूला एक गुण द्या, आणि दोन गुण खर्चून आजार ७ फेऱ्यांपर्यंत लांबवू द्या. आकडा ५९% वर जातो आणि साथ हातात येते. हा निर्णय खेळाडूने घ्यावा, यंत्राने नव्हे. सुरुवात तीन लांबलांबच्या घरांपासून करा, कारण एकाच घरापासून केली तर शंभरात आठेक डाव तिथेच संपतात. लस २० घरे लाल झाल्यावर सुरू करा, दर फेरीला एक. यंत्राने कुठलेही घर निवडले तर ते सोपे जाते, लाल घराच्या शेजारचेच निवडले तर चांगलेच अवघड.

प्रत्येक डाव सारखाच होत असेल, तर न जोडलेल्या ए० पिनचे वाचन रँडमसीडला (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणाऱ्या आज्ञेला) द्या.

प्रश्न : बरीच घरे लाल झाली की पॅनलचे शेवटचे टोक मंदावते आणि नॅनो पुन्हा सुरू होतो. (चाळीसगाव)

नॅनोच्या ५ व्होल्ट पिनवरून पॅनल चालवत असाल तर ते आधी थांबवा. एक एलईडी पूर्ण पांढरा असताना सुमारे ६० मिलिअँपियर घेतो, २५६ मिळून १५ अँपियरच्या वर. नुसता लाल धरला तरी ५. प्रकाश २५५ पैकी ४० वर ठेवा, मग सगळा पाट लाल झाला तरी एका अँपियरच्या आत राहतो, आणि खोलीत तेवढा उजेड पुरतो. ५ व्होल्ट ४ अँपियरचा वेगळा पुरवठा घ्या, दोन्ही टोकांना जोडा, नॅनो आणि पॅनलचा ग्राउंड एक करा. पुरवठ्यावर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि डेटाच्या तारेत ३३० ओहमचा रेझिस्टर हवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, म्हणून पुरवठा बंद पेटीत कोंडू नका. पेटीला खाली-वर भोके पाडा.

प्रश्न : हाच खेळ केळीच्या हरण्या रोगावर करता येईल का? (रावेर)

जरूर करा. ५ × ५ फुटांच्या लागवडीत २५६ झाडे म्हणजे ८० × ८० फूट, सहा गुंठ्यांना थोडे कमी. पाट म्हणजे बागेचा एक तुकडाच झाला. नियम मात्र बदलावे लागतील. हरण्या म्हणजे काकडीवर्गीय मोझॅक विषाणू. लागलेले झाड बरे होत नाही, म्हणून निळा रंग काढून टाका. विषाणू मावा नेतो, आणि मावा उडतो, तेव्हा लागण शेजारीच होईल असे नाही : चारांतली एक लागण दूरच्या कुठल्याही घरात पडू द्या. लक्षणे उशिरा दिसतात, म्हणून पहिल्या ४ फेऱ्या घर आजारी असूनही विझलेलेच ठेवा. दुसऱ्या खेळाडूला शेतकरी करा आणि त्याला 'उपटा' बटण द्या. फवारणीचे बटण ठेवलेच तर दुबळे ठेवा, कारण मावा काही क्षणांच्या चोखण्यात विषाणू उचलतो आणि औषधाने मरायच्या आधी पुढच्या झाडावर सोडतो. कडेच्या एका ओळीत काकडी, मिरची किंवा टोमॅटो लावला तर तिथून दर काही फेऱ्यांनी नवी लागण येऊ द्या. ही पिके त्या विषाणूला आसरा देतात.

प्रश्न : बटण एकदा दाबले की खूण दोन घरे सरकते. (शिरपूर)

बटणाचे पाते दाबताना थरथरते. इनपुट पुलअप (बटण न दाबता पिन ५ व्होल्टवर धरून ठेवणारी नॅनोतली सोय) वापरा, बटण पिन आणि ग्राउंडमध्ये जोडा, आणि एक दाब नोंदवल्यावर ३० मिलिसेकंद त्या बटणाकडे पाहू नका. डिले (प्रोग्रॅम थांबवून ठेवणारी आज्ञा) मात्र वापरू नका, त्याने फेऱ्याही अडतात. मिलिस (नॅनो सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणारी आज्ञा) वापरून वेळ मोजा.