अनिरुद्धाचा अनोरथा कसा झाला?

प्रश्न असा आला आहे: ब्रह्मदेशात पगानचं राज्य उभारणाऱ्या राजाचं नाव मराठीत कुठे 'अनावराहता', कुठे 'अनव्रथा' असं छापलेलं दिसतं. बरोबर काय? आणि हा आपला 'अनिरुद्ध' आहे का?

हो, अनिरुद्धच. साक्ष खुद्द राजाचीच आहे. त्याच्या काळचे भाजलेल्या मातीचे छोटे बुद्धपट सापडले आहेत. ही मूर्ती महाराज श्री अनिरुद्धदेवाने मुक्तीसाठी स्वहस्ते घडवली, असं त्यांवर कोरलेलं आहे. पगान एकछत्री करणारा राजा हाताला माती लावून बुद्ध घडवतो आणि खाली आपलं नाव घालतो, हे वाचलं की मला तो फार जवळचा वाटतो.

पालीत मात्र तो 'अनुरुद्ध' होतो. चोळांना हटवल्यावर श्रीलंकेच्या विजयबाहू राजाने उपसंपदेसाठी (म्हणजे भिक्षूंच्या पूर्ण दीक्षेसाठी) भिक्षू मागवले ते याच्याकडून, आणि तिथल्या 'चूळवंस' या पाली बखरीत नाव अनुरुद्ध असंच येतं. बुद्धाच्या एका थोर शिष्याचंही हेच नाव; संस्कृत बौद्ध ग्रंथ त्यालाही अनिरुद्ध म्हणतात. म्हणजे ही अदलाबदल जुनीच.

आता उच्चार. सगळा घोटाळा रोमन लिपीतून नाव उचलल्यामुळे झाला. रोमन लेखनात (Anawrahta) शेवटी दिसणारं 'एच-टी' म्हणजे 'हत' नव्हे. ते महाप्राण त दाखवतं, म्हणजे चक्क आपला थ! बर्मी लिपीतही तिथे थ-च आहे. आधीचं 'ए-डब्ल्यू' म्हणजे ऑ. त्यामुळे लिहिल्याप्रमाणे वाचलं तर अनोरथा. आजचा बर्मी माणूस मात्र 'अनॉयथा' म्हणेल, कारण त्यांच्याकडे लिहिलेला र बहुधा य होतो. आपलं रंगून त्यांचं यांगून होतं, ते यामुळेच.

रत्नागिरीत नजरकैदेत राहिलेल्या ब्रह्मदेशच्या थिबा राजाचं मात्र उलट आहे. त्याच्या नावात बर्मी लिपीत स आहे. तो जीभ दातांना लावून उच्चारतात, म्हणून आपल्याला थ ऐकू आला.

मी लिहिताना पहिल्यांदा 'अनोरथा (अनिरुद्ध), राज्यकाळ १०४४–१०७७' असं देईन आणि पुढे अनोरथा. नुसतं अनिरुद्ध लिहिलं, तर दक्षिण ब्रह्मदेशातलं थाटोन जिंकल्याची बर्मी बखरींतली गोष्ट वाचणारा मराठी वाचक उषेचा नवरा शोधत बसेल.