मेकॅनो खेळतोय, खेळू दे की!

प्रश्न: माझा नऊ वर्षांचा मुलगा मेकॅनोच्या, म्हणजे नटबोल्टनं पट्ट्या जोडायच्या खेळाच्या, पुस्तकातलं मॉडेल कधीच पूर्ण करत नाही, स्वतःचंच काहीतरी जोडत बसतो. याचा पुढे काही उपयोग होतो का? – एक आई, सांगली

उत्तर: ताई, होतो की! फ्रँक हॉर्नबीनं 1901 मध्ये लिव्हरपूलला या खेळण्याचं पेटंट घेतलं, आणि 1996 चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालेले हॅरी क्रोटो आपल्या घडणीचं मोठं श्रेय मेकॅनोलाच द्यायचे. आता सगळी पोरं शास्त्रज्ञ होतील असं नाही, पण हाताला सवय लागते ती लागतेच. चार पट्ट्यांचा चौकोन केला की तो लगेच तिरका होतो, नटबोल्ट कितीही आवळा, हलतोच, मग पोरगं कधीतरी मध्ये एक तिरकी पट्टी टाकतं आणि चौकोन एकदम घट्ट! हे त्याला कुणी सांगू नका हां, त्याचं त्यालाच सापडू दे. पुस्तकातलंही अधूनमधून करू दे, त्यानं हात बसतो. आणि रविवारी आयर्विन पुलावर न्या, कमानी दाखवा, घरी येऊन त्याला वाटेल तसा पूल करू दे. फक्त अर्धवट मॉडेल आवरायच्या नादात मोडू नका बरं का, विचार तिथंच चालू असतो त्याचा.