रंग न मारता एमजी शोला न्यावी का? न्या, पण आधी ब्रेक बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आजोबांची १९५१ ची एमजी टीडी, म्हणजे दोन सीटांची उघडी ब्रिटिश गाडी, मिरजेत घराच्या पडवीत बरीच वर्षं उभी होती, गेल्या वर्षी चालू केलीत, रंग उडालाय, सीटचं कातडं फाटलंय, डावं दार लोंबतंय आणि कोल्हापूरच्या क्लब शोला दोन महिने राहिलेत. पेंटर म्हणतोय सगळं खरवडून नवा रंग मारू. आणि तुम्हाला काळजी ही की चकचकीत गाड्यांच्या रांगेत आपली कशी दिसणार.

माझं मत स्पष्ट आहे, पेंटरला आत्ता नाही म्हणा. रंग नंतर कधीही मारता येतो, पण एकदा खरवडला की कारखान्यातून आलेला मूळ थर, आजोबांच्या काळात कुठं टचअप केलेलं, बॉनेटच्या पट्ट्यानं उठलेले ओरखडे, हे सगळं कायमचं गेलं. टीडी १९४९ ते १९५३ मध्ये २९,६६४ बनल्या, त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या, आणि जगभर रिस्टोअर केलेल्या टीडी भरपूर आहेत, पण एकाच घरात राहिलेली, हात न लावलेली गाडी फार कमी सापडते. पेबल बीचसारख्या मोठ्या शोमध्येही अशा गाड्यांना वेगळा प्रिझर्वेशन क्लास (मूळ अवस्थेत जपलेल्या गाड्यांचा गट) असतो, आणि फिवा ही जुन्या गाड्यांची जागतिक संघटना त्यांच्या टूरिन चार्टरमध्ये हेच सांगते की जितकं मूळ टिकवता येईल तितकं टिकवा. तुम्ही मिरजेचे, तुम्हाला वेगळं काय सांगू, जुन्या तानपुऱ्याची जवारी काढून घेतो आपण, म्हणजे घोडी घासून सूर नीट करून घेतो, भोपळा बदलत नाही. आयोजकांना आजच फोन करून विचारा की न रिस्टोअर केलेल्या गाड्यांचा वेगळा गट आहे का. नसला तरी न्या, मग फक्त डिस्प्लेला लावा.

आणि दोन महिन्यांत घाईनं केलेला रंग कसा असतो ते सांगतो. आतला गंज तसाच ठेवून वर लांबी (पुटी) भरतात, दोन पावसाळे गेले की मडगार्डच्या कडेला फुगा येतो, आणि मग खालचा पत्रा किती खाल्लाय ते कळतच नाही. आत्ता निदान गंज डोळ्याला दिसतोय.

आता जिथं खरंच पैसा आणि वेळ घालायचा ते. पहिलं ब्रेक. टीडीला चारही चाकांना हायड्रॉलिक ड्रम आहेत पण सर्किट एकच, म्हणजे एका चाकाचा सिलिंडर गळला की पेडल थेट खाली आणि हातात फक्त हँडब्रेक. गाडी इतकी वर्षं उभी होती म्हणजे रबर कडक झालेलं असणार, तेव्हा चारही चाकांचे व्हील सिलिंडर आणि पेडलचा मास्टर सिलिंडर उघडून बघा, होज (ब्रेकचे रबरी पाइप) तिन्ही नवे घाला, वरून बरे दिसले तरी आतून सुजलेले असतात. तुम्ही लिहिलंय "ब्रेक ठीक लागतात", पण गल्लीतले ठीक आणि भरल्या रस्त्यावर समोर एसटी थांबल्यावरचे ठीक यात फार फरक आहे.

टायर. ५.५० बाय १५ चे आहेत, नक्षी शिल्लक असेल पण बाजूला चिरा असतील तर बदला. टायरवर तारखेचा आकडा शोधा, चार आकडी असेल तर पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, तीन आकडीच असेल तर तो टायर २००० च्या आधीचा आहे, त्यावर गाडी ढकलायची पण नाही. ट्यूब आणि आतली पट्टी पण नवी घ्या.

पेट्रोलचं म्हणाल तर आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबराला मऊ करतं आणि टाकीत साठलेला जुना गाळ सुटून फिल्टरमध्ये येतो. टाकी काढून आतून धुवा, पाइप इथेनॉल चालेल असे घाला, आणि फिल्टर पारदर्शक लावा म्हणजे कचरा दिसतो. ऑक्टेनची चिंता नको, कॉम्प्रेशन कमी आहे, साधं पेट्रोल चालतं. एसयू कार्बोरेटर दोन आहेत, त्यांच्या वरच्या डॅशपॉटमध्ये (वरच्या उभ्या नळीत) पातळ ऑइल आहे का ते बघा, बरेच मेकॅनिक ते विसरतात आणि मग गाडी ॲक्सिलरेटर दाबला की अडखळते म्हणून इग्निशनचे पॉइंट-कंडेन्सर बदलत बसतात.

इलेक्ट्रिकमध्ये एक गोष्ट कागदावर मोठ्या अक्षरात लिहून बॅटरीजवळ चिकटवा: ही गाडी पॉझिटिव्ह अर्थ आहे. कुणी मधे बदललं नसेल तर बॅटरीचं प्लस बॉडीला आहे. शोमध्ये बॅटरी बसली की चार जण मदतीला धावतात आणि केबल आजच्या गाडीसारखी जोडतात, आणि मग वायरिंग जळतं. आयडलला डायनॅमोचा लाल दिवा लागला तर घाबरू नका, ते तसंच असतं. कापडाच्या वेष्टनाची वायर कुठं फाटलीय का बघा, तेवढीच बदला, आख्खं हार्नेस (वायरींचा जुडगा) उपटू नका.

इंजिनच्या मागून ऑइल टिपकणार, या इंजिनला मागं रबरी सील नाही, ऑइल परत फिरवणारा स्क्रोल आहे, त्यामुळं ते थोडं गळतंच. पत्र्याचा ट्रे आणि पुठ्ठा सोबत ठेवा, मैदान कुणाचं तरी असतं. आणि पाने सोबत घेताना लक्षात ठेवा, इंजिनचे आटे मेट्रिक आहेत पण बोल्टची डोकी व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाची, एमएमचा पाना लावून गोल करू नका.

सफाई हातानंच. प्रेशर वॉशर नको, रबिंग नको, मडगार्डच्या कडेला रंग इतका पातळ झालेला असतो की रबिंगच्या पहिल्या फेरीत पत्रा दिसेल. मऊ कापड, साधा शाम्पू, मग वॅक्स, आणि आधी मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा ठिकाणी करून बघा. गंज दिसतोय तिथं ऑइलचा हात. सीटचं कातडं बदलू नका, फाटलंय त्याच्या आतून पातळ कातड्याचा तुकडा चिकटवून घ्या आणि वरून कंडिशनर चोळा.

कागदपत्रं. १५ जुलै २०२१ च्या अधिसूचनेनुसार ५० वर्षांवरच्या, मूळ स्वरूपातल्या दुचाकी-चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येतात, चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार नको अशी अट आहे. आधीपासून नोंदणी असेल तर जुना नंबर ठेवता येतो, नव्यानं नोंदणी केली तर व्हीए सिरीज मिळते. अशी गाडी रोजच्या वापराला नाही पण प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती याला चालते. विमा चालू आहे ना ते आधी बघा. चासी नंबर पितळी प्लेटवरचा आणि चासीवर ठोकलेला जुळतो का तेही तपासा. टीडीचे नंबर ०२५१ पासून सुरू होतात, कारण इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या एमजी कारखान्याचा फोन नंबर २५१ होता, ही गोष्ट शोमध्ये लोकांना फार आवडते.

मिरज ते कोल्हापूर साधारण ५० किलोमीटर, चालवत न्या, ट्रेलर नको. पहाटे निघा, अंकली, जयसिंगपूर, हातकणंगले, घाट नाही, तासाला पन्नासच्या आसपास ठेवा आणि जयसिंगपूरच्या पुढं एकदा थांबून चारही ड्रमला हात लावून बघा, एखादा जास्त तापला असेल तर तिथला ब्रेक चिकटतोय. परत मात्र दिवस असतानाच. उसाचा सीझन असेल तर डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर रात्री मागं दिवा नसताना चालतात, टीडीचे दिवे मंद, आणि मूळ गाडीला इंडिकेटर नाहीत, मागून येणाऱ्याला हात दाखवलेला अंधारात दिसत नाही.

दिसण्याचं म्हणाल तर कोल्हापूरच्या लोकांना जुनी गाडी नवी नाही, दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक बघायला दसरा चौकात किती गर्दी होते ते माहितीच आहे. आजोबांचा गाडीबरोबरचा फोटो, जुनं बिल, आरसी बुकाची झेरॉक्स एका फ्रेममध्ये लावून बॉनेटजवळ ठेवा. माझी जुनी, रंग उडालेली हेरल्ड गाडी साताऱ्याहून नेतो तेव्हा म्हातारी माणसं तिच्याजवळच जास्त वेळ थांबतात, आमच्या काकांकडं होती म्हणून सांगायला लागतात, आणि मला ते बक्षिसापेक्षा मोठं वाटतं. लहान मुलांना बसू द्या, फक्त दार स्वतः उघडा, टीडीचं दार मागच्या बाजूनं बिजागरीवर आहे आणि मुलं त्याला लोंबकळतात.

तुमच्या लोंबणाऱ्या दाराचं कारण बहुतेक बिजागरीच्या मागचं लाकूड आहे, बॉडीचा सांगाडा ॲश लाकडाचा असतो आणि बिजागरीचे स्क्रू तिथं पोकळ होतात. दार पूर्ण उघडून त्या खांबाचा वरून आणि खालून एकेक फोटो टाका, सुताराला किती आणि कुठं हात लावू द्यायचा ते बघून सांगतो. तोवर वेल्डिंगवाल्याला गाडीजवळ येऊ देऊ नका.