ट्रक ड्रायव्हर दिवसा ढाब्यावर झोपलेलेच दिसतात, मग ते गाडी चालवतात कधी? त्यांचा दिवस नेमका कसा असतो?

रात्री चालवतात. तुम्ही झोपलेले असता तेव्हा.

एवढंच लिहून सोडणार होतो, पण 'झोपलेलेच दिसतात' हे शब्द वाचले आणि राहवेना. या झोपेवरून सासरी माझं नाव पडलंय. ते पुढे येईलच.

मी रावेर तालुक्यातला. एकोणीस वर्षं स्टेअरिंगवर आहे, त्यातली बारा केळीच्या गाडीवर. सावदा, रावेर, बुऱ्हाणपूरचा माल भरायचा आणि दिल्लीला टाकायचा. खंडवा, इंदूर, गुना, शिवपुरी, ग्वाल्हेर, आग्रा असा हजार-अकराशे किलोमीटरचा रस्ता. दोन ड्रायव्हर असले तर दीड दिवसात गाडी पोचते. एकटा असला तर शेठला वाटतं तरीही दीड दिवसातच पोचावी.

रात्री का चालवतो, तर उन्हाळ्यात आमच्याकडे डांबरावर अंडं टाकलं तर शिजेल. भरलेल्या गाडीचा टायर दुपारी तापतो आणि फुटतो, एक टायर गेला की त्या फेरीचा भत्ता गेला. मोठ्या शहरात दिवसा आम्हाला नो एन्ट्री. माल खाली करायला नंबर लावावा लागतो, तो कधी तासात येतो, कधी दोन दिवस येत नाही. त्यामुळे तुम्हाला सकाळी अकराला खाटेवर आडवा दिसलेला माणूस आदल्या रात्री आठपासून गिअर टाकत आलेला असतो. आणि तो झोपलेला असतोच असं नाही. एक कान डिझेलच्या टाकीकडे असतो. पाइप टाकून शंभर लिटर ओढून नेणारी पोरं पाच मिनिटांत काम उरकतात.

बाकी दिवसाचं काय सांगू? आंघोळ पंपावर, पाणी असेल तर. पहिल्या दिवशी घरची कळण्याची भाकरी आणि ठेचा. कळण्याची भाकरी दुसऱ्या दुपारपर्यंत खाता येते, पोळी चामड्यासारखी होते. पुढे ढाबा. इंदूरकडे शेव-टमाटर मिळते, पण ती गोडसर. तिला आम्ही शेवभाजी म्हणत नाही. घरी फोन करायचा, पोरगी अभ्यास करतेय असं ऐकायचं, कट करायचा. मग ताडपत्री, दोर, टायरची हवा, वजनकाटा, टोल, एन्ट्री. एन्ट्री म्हणजे वाटेत हातावर ठेवायची बिनपावतीची नोट.

आता मुद्द्याचं.

२०१९ ची गोष्ट. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आठ-दहा दिवस होते, एप्रिलचा शेवट. आमच्या भागात तेव्हा पारा चव्वेचाळीसच्या खाली उतरत नाही. मी सकाळी सहालाच बागेवर गाडी लावली. माल कापणारी टोळी ज्याची होती तो माझा साडू. केळी व्यापाऱ्यांच्या ग्रुपचं कटाईचं काम तो बघतो. नऊपर्यंत अर्धी बाग कापून झाली, घड बांधावर आणून टाकले, आणि मग भावावरून शेतकरी आणि व्यापारी यांचं वाजलं. फोनवर फोन. टोळी आंब्याखाली जाऊन बसली. घड बांधावर तसेच, उघड्या उन्हात. मी केबिनच्या सावलीत बसून बघत होतो. बारा वाजता साडूला म्हटलं, "दाजी, निदान ओली गोणपाटं टाका त्याच्यावर." तो म्हणाला, "तू गाडी चालवाचं पाह्य, कटाई मले शिकवू नको."

साडेचारला भाव जुळला. गाडी भरून सातला झाली. सोळा टन माल, मधे केळीचा वाळलेला पाला, वरून ताडपत्री. हात घालून बघितलं तर घड भाकरीच्या तव्यासारखे गरम. आठला निघालो.

इंदूरपर्यंत मी चालवली. असीरगडचा चढ, मोरटक्क्याचा नर्मदेचा पूल, मग घाट. पहाटे तीनला जोडीदाराने स्टेअरिंग घेतलं. मी मागच्या फळीवर पडलो. चालत्या ट्रकमधली झोप म्हणजे सुपात पाखडून निघाल्यासारखी असते, पण तीन-चार तास मिळाले. ब्यावऱ्याजवळ त्याने गाडी उभी केली आणि दारातूनच ओकला. ऊन लागलं होतं. दिवसभर लोडिंगला माझ्यासोबत तोही उभा होता. एका दवाखान्यात सलाईन लावली, दीड तास गेला, मग त्याला फळीवर झोपवलं आणि पुढे मी एकटा.

गुना गेलं. शिवपुरीच्या अलीकडे, दुपारचे पावणेतीन. ओला रुमाल डोक्यावर, तो दहा मिनिटांत सुकायचा. तंबाखूची चौथी पुडी. लोकांना वाटतं झोप आली की डोळे मिटतात. माझे सताड उघडे होते. समोर रस्त्याच्या मधोमध एक पांढरा बैल उभा होता, शिंगांना गेरू लावलेला, पोळ्याला लावतात तसा. एप्रिल महिन्यात. मी ब्रेक दाबला. बैल नव्हताच. डावी चाकं कच्च्यात उतरली होती, खडी खालून ताडताड वाजत होती, आणि पंधरा-वीस पावलांवर पंक्चरवाल्याची टपरी. बाहेर एक बारा-तेरा वर्षांचा पोरगा घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होता. त्याने मान वर करून पाहिलंही नाही.

मी गाडी परत रस्त्यावर घेतली. पुढच्या पंपावर भिंतीच्या सावलीत लावली, हवा लागावी म्हणून ताडपत्री दोन्ही टोकांनी सैल केली, फोन सायलेंटवर टाकला आणि झोपलो. तीन तास दहा मिनिटं. उठलो तर बावीस मिस्ड कॉल. शेठचे चौदा, साडूचे आठ.

पुढे मुरैन्याजवळ दोन तास जाम. दिल्लीच्या आझादपूर मंडीला पोचलो तेव्हा सकाळचे नऊ वाजून गेले होते. सकाळचा बाजार हुकला. माल उघडला, आणि व्यापाऱ्याच्या माणसाने तिथूनच फोन लावला की गाडी खराब आली, ड्रायव्हर रस्त्यात झोपला. भाड्यात कपात झाली. शेठने त्यातले ९,००० माझ्या पगारातून दोन महिन्यांत कापले. तेव्हा पगार महिना १२,००० होता, वर भत्ता.

आखाजीला सासरी गेलो. आमच्याकडे आखाजी म्हणजे दिवाळीपेक्षा मोठी. लेकी-जावई येतात, निंबाला झोके बांधतात, पुरणपोळी आणि आमरस. पंगत बसलेली आणि साडू सगळ्यांसमोर म्हणाला, "हा पाहा आमचा झोप्या डायवर! केळी पिकवाले वखार कशाले पाह्यजे? याच्या गाडीत टाका." सगळे हसले. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. तेव्हापासून मी झोप्या. पोरंसुद्धा 'झोप्या काका' म्हणतात. बायकोनेही एकदा म्हटलं, रागात.

पण मंडीत जे झालं ते पंगतीत कुणी ऐकूनच घेतलं नाही, म्हणून इथे लिहितो. तिथे एक म्हातारा वखारवाला होता. त्याने माझ्यासमोर फणीतलं एक केळं तोडलं आणि मधोमध चाकू मारला. साल हिरवीगार. आतला गर त्याने अंगठ्याने दाबला, तर भिजलेल्या साबणासारखा सरकला. म्हणाला, "ये गाडी में नहीं बिगडा बेटा, ये खेत में ही उबल गया."

यातली गोम केळीवाल्याला लगेच कळेल. वेळ जास्त झाला म्हणून केळी पिकली असती तर पिवळी पडली असती. फार उष्णता लागली की सालीचा हिरवा रंग उतरत नाही आणि आत गर मात्र मऊ होतो. म्हणून तर वखारीत १६ ते १८ अंशांवर थंडीत पिकवतात, तेव्हा तो एकसारखा पिवळा रंग येतो. माझा माल हिरवा होता आणि आतून गेलेला होता. म्हणजे तो माझ्या तीन तासांत गेला नाही, बांधावरच्या साडेसात तासांत गेला. कटाईवाल्याला हे माहीत नसेल असं मी मानत नाही.

आता कायदा. मोटार वाहतूक कामगारांचा १९६१ चा कायदा होता, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली. त्या जुन्या कायद्यात दिवसाला ८ तास काम, लांबच्या मार्गाला फार तर १०, आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती होती. मला हे आरटीओच्या रस्ता सुरक्षा शिबिरात कळलं. त्या शिबिरात डोळे तपासले, रिफ्लेक्टरची पट्टी दिली आणि एक केळं दिलं. माझ्या कुठल्याही शेठने हा कायदा कधी ऐकलेला नव्हता. २०२४ च्या जानेवारीत अपघात करून पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेवरून ड्रायव्हर लोकांनी गाड्या उभ्या केल्या, पंपांवर रांगा लागल्या, तेव्हा सगळे म्हणत होते की चूक केली तर शिक्षा नको का? हवी ना. पण 'परवा पहाटे बाजारात पाहिजे' म्हणून फोनवर दम देणाऱ्यालाही त्यात धरा. ते कलम सरकारने अजून लागू केलेलं नाही, ठीक आहे, पण फोनवाला तर कुठल्याच कलमात नाही.

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकना केबिनमध्ये एसी सक्तीचा झालाय. चांगलं झालं. माझी गाडी २०१६ ची आहे. एसीने ड्रायव्हरला झोप येते म्हणणारे शेठ स्वतः एसीत बसून दिवसभर जागे असतात, हे मी पाहिलंय.

एक कबूल करतो. केळी कापल्यावरही श्वास घेते, गाडीत दाबून भरली की आतून ऊब धरते. त्यामुळे उभ्या गाडीत तीन तास माल ठेवल्याने काहीच झालं नाही असं मी छातीठोक म्हणणार नाही. एखादा थर त्यानेही गेला असेल. दवाखान्याचा दीड तास आणि मुरैन्याचे दोन तासही मोजा. आणि सगळेच ड्रायव्हर माझ्यासारखे झोपायला थांबतात असंही नाही. गोळ्या खाऊन चालवणारे आहेत, दारू पिऊन चालवणारेही आहेत, त्यांची बाजू मी घेणार नाही. तुम्हाला दिसलेल्यांत तसा एखादा असेलही. पण खाटेवर झोपलेला ड्रायव्हर तुमच्या गाडीवर येऊन आदळत नाही, एवढं तरी बघा. माझा जोडीदार, फळीवर तापाने फणफणत पडलेला, तो आज घरी आहे. मीही आहे. तो ट्यूबवाला पोरगाही असेल कुठेतरी.

ड्रायव्हरचा दिवस कसा असतो, याचं उत्तर अर्धंच झालं हे कळतंय. उरलेल्यात ट्रॅफिक, धूळ आणि वाट बघणं आहे, त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

या लायनीत नवीन कुणी असेल आणि केळी, द्राक्षं, भाजी असा माल ओढत असेल तर एक करा. बिल्टीवर, म्हणजे मालासोबतच्या कागदावर, फक्त निघाल्याची वेळ असते. तुम्ही तिच्या मागे दोन वेळा लिहून घ्या, माल कापला कधी आणि भरला कधी, आणि खाली कटाईवाल्याची सही. सोबत बांधावरच्या मालाचा मोबाइलवर फोटो, त्यात तारीख-वेळ येते. मी २०१९ पासून घेतो. गेल्या उन्हाळ्यात साडूच्याच टोळीचा माल होता. त्याच्या माणसाने सही द्यायला नकार दिला, साडूला फोन लावला तर म्हणाला, "घरातल्या घरात सह्या कशाच्या मांगतो?" मी ताडपत्रीची घडी घातली आणि गाडी रिकामी परत आणली. शेठने त्या दिवसाचं डिझेल माझ्या नावावर टाकलं. टाकू दे.