हिमस्खलन वाटेतला बर्फ उचलते तेव्हा ते मॉडेलमध्ये कसे मांडावे?

आपला प्रश्न असा आहे की, हिमस्खलनाच्या गणिती मॉडेलमध्ये वाटेतून उचलला जाणारा बर्फ कसा धरावा आणि या वाढीव वस्तुमानामुळे स्खलनाचा वेग घटतो की वाढतो. मी सोलापुरात स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना द्रवयामिकी शिकवतो. आमच्याकडे बर्फ रसवंतीच्या पलीकडे दिसत नाही. परंतु दरडींच्या गणितात हीच समीकरणे वापरावी लागतात, म्हणून उत्तर देत आहे.

आधी वेगाचे पाहू. ॲडॉल्फ वोल्मी या स्विस अभियंत्याने 1955 साली मांडलेले आणि दावोसच्या हिम संशोधन संस्थेच्या रॅम्स या सॉफ्टवेअरमध्ये आजही वापरले जाणारे सूत्र दोन प्रकारचा रोध धरते: एक वजनाच्या प्रमाणात लागणारे कोरडे घर्षण आणि दुसरा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढणारा रोध. उदाहरणादाखल उतार 30 अंश, कोरड्या घर्षणाचा गुणांक 0.2 आणि दुसऱ्या रोधाचा गुणांक 2000 घेतला, तर 1 मीटर जाडीचा प्रवाह सेकंदाला सुमारे 25.6 मीटर या वेगावर स्थिरावतो. या प्रवाहाने तितक्याच घनतेचा अर्धा मीटर बर्फ एकाएकी उचलला असे समजा. तो बर्फ जागेवर निश्चल पडलेला होता, त्यामुळे पूर्वीचाच संवेग (वस्तुमान गुणिले वेग) दीडपट वस्तुमानात वाटला जातो आणि वेग 17 मीटरवर उतरतो. मात्र या सूत्रात स्थिर वेग जाडीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून उतार पुरेसा लांब असेल तर हाच प्रवाह पुढे 31 मीटरच्या घरात पोहोचतो. घट तत्काळ होते, वाढ उशिराने होते, आणि कोणती वरचढ ठरेल हे पुढे किती उतार शिल्लक आहे यावर अवलंबून राहते.

आता उचल किती धरावी, हा प्रश्न. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे झिजेचा दर, म्हणजे दर सेकंदाला तळाचा किती जाडीचा थर निघतो ते, वेगाच्या प्रमाणात धरून त्याचा गुणांक मोजमापांशी जुळवून घेणे. तो सोयीचा आहे, पण मला तो पटत नाही, कारण असा गुणांक तळाच्या, म्हणजे प्रवाहाखालच्या निश्चल बर्फाच्या, ताकदीबद्दल काहीच सांगत नाही. दुसरा मार्ग अधिक प्रामाणिक आहे: प्रवाह तळावर जो कर्तन ताण (पृष्ठाला समांतर घासून ओढणारा ताण) लावतो आणि तळ जितका ताण सोसू शकतो, त्यांतील फरकाला घनता आणि तळाजवळचा वेग यांच्या गुणाकाराने भागले की झिजेचा दर मिळतो. याचा अर्थ, तळाचे घर्षण, तळाची ताकद आणि झिजेचा दर ही तिन्ही मूल्ये स्वतंत्रपणे निवडता येत नाहीत. दोन ठरली की तिसरे आपोआप ठरते. अनेक प्रोग्रॅममध्ये तिन्ही मोकळी सोडून नंतर निकाल जुळवत बसतात.

याच ठिकाणी आणखी एक चूक विद्यार्थ्यांच्या कोडमध्ये हटकून सापडते. जाडी गुणिले वेग या राशीचे, म्हणजे संवेगाचे, समीकरण लिहिले असेल, तर निश्चल तळातून आलेल्या बर्फासाठी त्यात वेगळे पद लागत नाही, कारण त्याने आणलेला संवेग शून्य असतो. समीकरण केवळ वेगाचे असेल, तर मात्र वेग गुणिले झिजेचा दर भागिले जाडी हे पद वजा करावेच लागते. पहिल्या रूपातही ते पद वजा केले की एकच नुकसान दोनदा मोजले जाते आणि स्खलन उगाच लवकर थांबते.

प्रत्यक्षात उचल सर्वत्र सारखी नसते. स्वित्झर्लंडमधील व्हॅले द ला सियॉन येथे जमिनीत पुरलेल्या रडारांनी दाखवले आहे की झिजेचा मोठा भाग स्खलनाच्या आघाडीजवळच होतो. आघाडी नवा, भुसभुशीत बर्फ नांगरत नेते, तर मागचे अंग तळ हळूहळू खरवडते. जुन्या, घट्ट थरापाशी झीज बरेचदा अडते.

उताराचा परिणाम आमच्या प्रयोगशाळेत मालदांडी ज्वारीवर दाखवता येतो. फळीला पॉलिश पेपर चिकटवून त्यावर दाण्यांचा पातळ थर पसरायचा आणि वरून रंगवलेल्या दाण्यांचा ढीग सोडायचा. उतार कमी असताना रंगीत दाणे थरात रुतून थांबतात. दाणे स्वतःहून घसरू लागतील त्या कोनाजवळ फळी नेली, की थरच ढिगाबरोबर चालू लागतो. ॲन मांजने आणि सहकाऱ्यांच्या 2010 सालच्या प्रयोगांत अशा तीव्र उतारावर पल्ला, म्हणजे थांबेपर्यंत कापलेले अंतर, 40 टक्क्यांपर्यंत वाढलेला आढळला होता.

आपल्याला पुढे सह्याद्रीतील दरडींकडे वळायचे असेल, तर पाणी विसरून चालणार नाही. अमेरिकेतील ओरेगनमध्ये प्रयोगासाठी बांधलेल्या 95 मीटर लांबीच्या घसरणीवर रिचर्ड आयव्हर्सन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, 2011 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, ओल्या तळावरून चिखल-दगडांचा राडा गेला तेव्हा मातीच्या छिद्रांतील पाण्याचा दाब वाढला, घर्षण घटले आणि उचल होऊनही संवेग वाढला. तळ कोरडासा असताना तसे झाले नाही. त्यामुळे जुलैच्या अखेरीस भिजलेल्या डोंगराच्या मॉडेलमध्ये तळाची ताकद स्थिर धरू नये. बर्फासाठी मात्र प्रत्येक थराची जाडी आणि ताकद वेगळी नोंदवून, जेवढा थर झिजू शकतो तेवढीच कमाल मर्यादा मॉडेलला घालून द्यावी.