विमानाच्या फ्लॅपची मोटर हलत नाही? आधी मीटर काढा

फ्लॅप म्हणजे पंखामागची हलती पट्टी. ती हलवणारी मोटर लगेच उतरवू नका. मोटर जोडलेली असतानाच, स्विच दाबून धरून तिच्या दोन पिनांमध्ये व्होल्टेज मोजा. मोटर सोडवून मोजलं, तर सैल अर्थिंग असूनही बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज दिसतं आणि नवखा माणूस इथेच फसतो. व्होल्टेज नीट मिळूनही मोटर गप्प असेल, तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक करा. चालली, तर बहुधा कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज देणारे कार्बनचे तुकडे) अडकलेत. गिअरचं ग्रीस आत उतरून कम्युटेटरवर (ब्रश ज्यावर घासतात त्या फिरत्या तांब्याच्या पट्ट्यांवर) काळा चिकट थरही बसलेला असू शकतो. अशी मोटर खोलून साफ केल्याशिवाय उड्डाणाला नेऊच नका. एकाच दिशेने चालते? मग स्विच, लिमिट स्विच (फ्लॅप टोकाला पोचला की मोटर थांबवणारा स्विच) बघा. फ्यूज उडतो म्हणून मोठा घालू नका, वायर जळेल. तपासताना फ्लॅपजवळ कुणाचा हात नको.